गुरुजी, सर आणि पदवी

पहिली ते चौथीला शिकवणारे गुरुजी आणि आठवी ते दहावीला शिकवणारे सर, ही विभागणी महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. उर्दू शाळांत ‘गुरुजी’ हा शब्द रुळला नाही, पण भेद तिथंही तोच. आमच्याकडे ‘प्रायमरीवाले’ आणि ‘हायस्कूलवाले’ म्हणतात. लग्नाच्या स्थळापासून शिक्षकांच्या संघटनेपर्यंत हा भेद पाळला जातो. त्याच्या मुळाशी एक कागद आहे, विद्यापीठाची पदवी. सरांकडे ती असते आणि गुरुजींकडे नसली तरी चालते, असं आपण दीडशे वर्षं धरून चाललो आहोत.

11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीला उलट्या बाजूने धक्का दिला. देवेश शर्मा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस आणि न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी सांगितलं की, पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. ही पात्रता होऊ शकत नाही. तिथं डी.एल.एड. म्हणजे आपलं जुनं डी.एड.च लागेल. माझ्या ओळखीतल्या बी.एड.धारकांमध्ये एकच वाक्य फिरत होतं: आम्ही पदवीधर, वर बी.एड., आणि बारावीनंतर डी.एड. केलेला पात्र, आम्ही अपात्र?

मी स्वतः बी.एड. आहे. उर्दू आणि मराठी या माझ्या दोन अध्यापन पद्धती. तरीही हा निकाल मला बरोबर वाटतो. असं का वाटतं, आणि तरीही जीवाला घोर का लागला आहे, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मुंबई इलाख्यात सरकारी छत्राखालच्या मराठी शाळा सुरू झाल्या तेव्हा विद्यापीठ नव्हतंच. 1826 मध्ये कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मुंबईत तयार झालेले 24 शिक्षक दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवले गेले. पुढे बाळशास्त्री जांभेकरांकडे शिक्षक तयार करण्याच्या वर्गाची जबाबदारी आली. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांसाठी ‘नॉर्मल स्कूल’ काढण्यावर भर दिला आणि त्याच खलित्यातून 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे एकाच कागदातून दोन रस्ते निघाले. एक गावातल्या शाळामास्तराचा, दुसरा पदवीधराचा. हे रस्ते पुढे एकमेकांना फारसे भेटलेच नाहीत.

शाळामास्तराच्या रस्त्यावर प्रवेशाचं तिकीट होतं ‘व्हर्नाक्युलर फायनल’. मराठी किंवा उर्दू सातवी केली, फायनल दिली की माणूस मास्तर होऊ शकत असे. मग जमेल तसं ट्रेनिंग. जुन्या घरांतून अजूनही ‘आजोबा फायनल पास होते’ हे वाक्य अभिमानानं ऐकू येतं, आणि तो अभिमान खोटा नाही. फायनल झालेला माणूस हिशेब, मोडी, पत्रलेखन, जमिनीची मोजणी जाणत असे. हायस्कूलचा मास्तर मात्र मॅट्रिक, मग बी.ए., मग बी.टी. या वाटेनं यायचा. त्याच्यासाठी मुंबईत 1906 मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं. लहान मुलांच्या मास्तरासाठी विद्यापीठाचं दार उघडावं असं तेव्हा कुणाला सुचलं नाही. लहान मुलांना शिकवायला फार शिकलेला माणूस कशाला हवा, हा विचार त्यामागं होता आणि तो फक्त इंग्रजांचा नव्हता.

याला अपवाद जोतीराव फुले. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेलं निवेदन आपण बहुतेक वेळा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी वाचतो. त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा यावरही बरंच आहे. तो प्रशिक्षित असावा. शेतकरी वर्गातून आलेला असावा. नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला त्याला लाज वाटू नये आणि खालच्या थरातल्या लोकांत त्याला सहज मिसळता यावं. त्याला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा-वीस तरी असावेत. फुल्यांनी पदवी मागितली नाही. त्यांनी प्रशिक्षण, पगार आणि मुलांच्या जगाची ओळख या तीन गोष्टी एकत्र मागितल्या. पुढच्या आयोगांनी यातली एकेक गोष्ट वेगळी काढून घेतली, तिन्ही एकत्र क्वचितच.

फुले हे बोलत होते ते अनुभवातून. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्यासाठी अहमदनगरला आणि पुण्यात मिशनऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात शिक्षण घेतल्याचं त्यांची चरित्रं सांगतात. त्यांच्यासोबतच्या फातिमा शेख यांचं नाव सावित्रीबाईंच्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात येतं. आजारी सावित्रीबाई नायगावहून लिहिताहेत आणि आपल्या गैरहजेरीत फातिमावर पडणाऱ्या कामाची त्यांना काळजी आहे. फातिमांच्या नावानं आज वाद आणि जयंत्या दोन्ही होतात. मला त्या पत्रातली काळजी जास्त महत्त्वाची वाटते. एक शिक्षिका रजेवर गेली की दुसरीवर वर्ग येऊन पडतो, हे ज्यानं शाळेत काम केलं आहे त्यालाच कळतं.

हंटर आयोगानं मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला आणि मुस्लिम शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल किंवा नॉर्मल वर्ग असावेत अशी शिफारस केली. उर्दू शाळा आणि उर्दू ट्रेनिंग हे जे जाळं पुढे या राज्यात पसरलं त्यामागं ही जुनी शिफारस आहे. फायनल आणि ट्रेनिंगचा हा खालचा दरवाजा होता म्हणूनच विणकराचा, बागवानाचा, तांबोळ्याचा मुलगा मास्तर झाला. विद्यापीठाच्या दारात तो पोचला असता का? बहुतेक नाहीच. हीच गोष्ट मराठा, माळी, महार, कोळी घरांतल्या पहिल्या पिढीची. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी बायकांसाठी शिक्षिका प्रशिक्षण चालवलं ते याच दरवाजातून. सातवीपर्यंत शिकलेल्या विधवेला स्वतःच्या पायावर उभं करायचं तर बी.ए.ची वाट पाहून चालणार नव्हतं.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 मध्ये ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्याला आता महात्मा फुल्यांचं नाव आहे. वीस वर्षांनी, 1955 मध्ये, त्याच रयत शिक्षण संस्थेनं हायस्कूलच्या शिक्षकांसाठी कॉलेज काढलं. त्याचं नाव आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, मौलाना आझादांच्या नावानं. एकाच गावात, एकाच संस्थेचे, फुले प्राथमिकला आणि आझाद माध्यमिकला! योगायोग असेल, पण मला तो फार बोलका वाटतो. मौलाना तर कुठल्याच विद्यापीठाचे पदवीधर नव्हते.

लहान मुलांच्या शिक्षकाला गंभीरपणे घेण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच राज्यात, वर्ध्यात झाला. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी बोलावलेल्या परिषदेनंतर जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस जामियात तुटपुंज्या पगारावर काम करत होता आणि लहान मुलांचे वर्ग हे त्याच्या खास जिव्हाळ्याचे होते. त्यांच्या समितीनं बुनियादी शाळेच्या शिक्षकासाठी तीन वर्षांचं प्रशिक्षण सुचवलं. प्रवेशासाठी मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण, किंवा फायनलनंतर दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव. हे नीट पाहा. पदवीची अट नाही, पण तीन वर्षं निव्वळ मुलांना कसं शिकवायचं हे शिकण्यात! जामियानं 1938 मध्ये ‘उस्तादों का मदरसा’ काढला तो याच कामासाठी. वर्धा योजनेला मुस्लिम लीगनं विरोध केला, इतरांनीही केला, त्यातले काही आक्षेप समजण्यासारखे होते. पण त्या गदारोळात शिक्षक-प्रशिक्षणाचा हा भाग कुणाच्या लक्षात राहिला नाही.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोग (1964-66) आला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. सय्यद नूरुल्लांबरोबर त्यांनी ब्रिटिशकालीन भारतीय शिक्षणाचा जो इतिहास लिहिला तो आजही बी.एड.च्या ग्रंथालयात असतो. कोठारी आयोगानं प्राथमिक शिक्षकासाठी माध्यमिक शिक्षण पूर्ण अधिक दोन वर्षांचं प्रशिक्षण अशी किमान पात्रता सुचवली. त्याहून मोलाचं म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाचं एकटेपण तोडा असं सांगितलं. ट्रेनिंग कॉलेज विद्यापीठापासून तुटलेलं, शाळेपासून तुटलेलं आणि प्राथमिकचं माध्यमिकपासून तुटलेलं. 1980 च्या दशकात चट्टोपाध्याय आयोगानं बारावीनंतर चार वर्षांचा एकसंध अभ्यासक्रम सुचवला. दिल्ली विद्यापीठानं 1994 मध्ये खास प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची बी.एल.एड. पदवी सुरू केली. महाराष्ट्रात मात्र पी.टी.सी. जाऊन डी.एड. आलं, दहावीनंतरचं बारावीनंतर झालं, आणि तिथंच थांबलं.

त्या डी.एड.चं काय झालं हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. ‘डी.एड. झालं की नोकरी पक्की’ म्हणून एकेकाळी बारावीला चांगले गुण मिळवणारी मुलं इंजिनियरिंग सोडून डी.एड.ला जात होती. मग 2000 नंतरच्या दशकात गावोगावी अध्यापक विद्यालयं निघाली. 2010 च्या सीईटीनंतर भरती थंडावली आणि तीच विद्यालयं ओस पडू लागली. 2000 मध्ये आलेल्या शिक्षण सेवक योजनेत पहिली तीन वर्षं मानधन ठरलं: प्राथमिकला तीन हजार, माध्यमिकला चार हजार, कनिष्ठ महाविद्यालयाला पाच हजार. पुढे ते सहा, आठ आणि नऊ हजार झालं. 2023 मध्ये सोळा, अठरा आणि वीस हजार. आकडे बदलले, उतरंड तीच राहिली. मूल जितकं लहान तितका त्याचा शिक्षक स्वस्त.

या उतरंडीत एक गंमत दडलेली आहे. मी बी.एड. केलं तेव्हा ते एक वर्षाचं होतं. दोन वर्षांचं झालं ते 2014 च्या नियमांनंतर. म्हणजे ज्याला आपण खालचं समजत होतो त्या डी.एड.मध्ये शिकवण्याचं प्रशिक्षण दोन वर्षांचं, आणि वरच्या बी.एड.मध्ये एक वर्षाचं! त्या एका वर्षात आम्ही सूक्ष्म पाठ घेतले, पाचवीपासून पुढच्या वर्गांवर सराव पाठ घेतले, पाठ टाचणांच्या वह्या भरल्या. पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवायची वेळ आली नाही. अभ्यासक्रमाची ती गरजच नव्हती.

पहिलीचा वर्ग म्हणजे काय असतं? उर्दू शाळेतलं उदाहरण देते, कारण ते मला रोज दिसतं. सहा वर्षांचं मूल ‘जीम’ शिकतं. एकटा जीम वेगळा दिसतो, शब्दाच्या सुरुवातीला वेगळा, मध्ये वेगळा, शेवटी वेगळा. मोठ्यांना एकच अक्षर दिसतं, मुलाला चार चित्रं दिसतात. त्यात टिंब पोटात की डोक्यावर यावर चे, हे, खे ठरतात. झेर-झबर लिहिलेले नसतील तर शब्द अंदाजानं वाचायचा. हे सगळं उजवीकडून डावीकडे. तासाची घंटा होते आणि मराठीचं पुस्तक उघडतं. 2020 च्या कायद्यानंतर मराठी पहिलीपासून सगळीकडे सक्तीचं आहे. आता डावीकडून उजवीकडे, डोक्यावर रेघ, काना-मात्रा-वेलांटी. आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते पण उच्चारायची नंतर. घरी बोलतात ती दख्खनी. ती ना पुस्तकातली उर्दू, ना पुस्तकातली मराठी. या मुलाची गाडी कुठं अडली आहे, लिपीत, उच्चारात की भुकेत, हे पाच मिनिटांत ओळखणारी बाई एखाद्या विद्येची जाणकार आहे की नाही? उर्दू साहित्यात एम.ए. केल्यानं ती विद्या येत नाही. माझ्या माहितीतल्या डी.एड. झालेल्या कितीतरी आपांना ती येते.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात हेच होतं. संविधानाच्या 21-अ कलमानं दिलेला शिक्षणाचा हक्क म्हणजे दर्जेदार शिक्षणाचा हक्क, आणि बी.एड.ची रचना लहान मुलांसाठी झालेलीच नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर एनसीटीईनं 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेत पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची बी.एल.एड. असंच म्हटलं होतं. सहावी ते आठवीसाठी पदवीधर. 28 जून 2018 च्या अधिसूचनेनं बी.एड.वाल्यांना नेमणुकीनंतर सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सच्या अटीवर आत घेतलं, राजस्थान उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली आणि प्रकरण वर गेलं. सहा महिन्यांत पहिलीचा वर्ग शिकून होईल ही कल्पनाच पदवीच्या अहंकारातून आलेली होती, असं माझं मत आहे. बी.एड.च्या मित्रमैत्रिणींना ते आवडणार नाही.

पण पदवी नकोच, डी.एड. पुरे, असं म्हणणाऱ्यांबरोबरही मी नाही. कोसबाडचं उदाहरण मला नेहमी आठवतं. ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ फायनल आणि ट्रेनिंगच्या वाटेनं शिक्षिका झाल्या, पदवी त्यांना फार उशिरा मिळाली. आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाडीत दोघींनी मिळून जे केलं त्यात कुणाची पात्रता वरची हे ठरवता येत नाही. ताराबाई बालशिक्षणाचं जगभरातलं वाचून येत होत्या, अनुताई वर्गात उभ्या राहत होत्या, आणि हळूहळू दोघींनी एकमेकींचं काम उचललं. एकाच शिक्षकात हे दोन्ही असावं, तर त्याला वाचायला-विचार करायला अवधी हवा, दोन वर्षं कमीच आहेत. म्हणून 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता करायचं ठरवलं, आणि त्यात लहान मुलांच्या टप्प्यासाठी वेगळी वाट ठेवली, हे मला तत्त्वतः योग्यच वाटतं. कोठारी आयोगानं मागितलेलं ते आहे. गुरुजी आणि सर ही भिंतही त्यानं कदाचित पडेल.

आता घोराची गोष्ट. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी होते, देशाची सरासरी सुमारे सात टक्के होती. त्यानंतर चित्र सुधारलं आहे, मुलींचं तर डोळ्यांत भरण्याइतकं. पण मालेगाव, भिवंडी, जळगाव, अकोला या पट्ट्यात बारावी झालेल्या मुलीला घरातून जी परवानगी मिळते ती अजूनही मैलांत मोजली जाते. तालुक्याला डी.एड. कॉलेज आहे? जा. जिल्ह्याला? बघू. दुसऱ्या शहरात चार वर्षं, वसतिगृहात? मग काका, मामू, दादी सगळ्यांचं मत विचारात घ्यावं लागतं, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते. डी.एड. हा आमच्या मुलींसाठी फक्त कोर्स नव्हता. घराला पटेल असं घराबाहेर पडण्याचं ते कारण होतं. फायनलचा जो खालचा दरवाजा होता त्याचंच ते पुढचं रूप. तो बंद होऊन वर नवा, सुंदर दरवाजा उघडत असेल तर पायऱ्या कुठं आहेत हे विचारायलाच हवं.

चार वर्षांच्या पदवीची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा उर्दू आणि मराठीसह तेरा भाषांत देता येते. हे चांगलं आहे. पण परीक्षा उर्दूतून देऊन पुढे शिकायचं कुठं? मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचं शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय औरंगाबादला आहे. भिवंडीच्या किंवा रत्नागिरीच्या मुलीसाठी औरंगाबाद जवळ नाही. ओस पडलेल्या अध्यापक विद्यालयांपैकी काही उर्दू माध्यमाची विद्यालयं जवळच्या महाविद्यालयाला जोडून या चार वर्षांच्या पदवीसाठी उभी करता येतील. इमारती आहेत, सराव पाठांच्या शाळा शेजारी आहेत, निवृत्त आपा आहेत. यासाठी आपल्या संस्थाचालकांनी अर्ज करायला हवेत, आणि त्यातल्या अनेकांना हॉल आणि कमानीपलीकडे काही सुचत नाही, हेही खरं.

दुसरीकडे 1 सप्टेंबर 2025 चा निकाल आहे. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सेवेत असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांना दोन वर्षांची मुदत, ज्यांची कमी उरली आहे ते निवृत्तीपर्यंत राहतील पण बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू होतं का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. आपल्याकडचे काहीजण त्यावर सुटकेचा श्वास सोडताहेत. मला त्यात सुटका दिसत नाही. अल्पसंख्याक शाळेतल्या पहिलीच्या मुलाला इतरांपेक्षा कमी तयारीचा शिक्षक चालेल, असं संविधानाच्या तिसाव्या कलमात कुठं लिहिलेलं नाही.

बारावीनंतर सल्ला विचारायला येणाऱ्या मुलींना सध्या मी एवढंच सांगते. डी.एल.एड.ला जागा मिळते आहे तोवर ती घ्या. ते करतानाच किंवा लगेच नंतर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा. टीईटीचे दोन्ही पेपर द्यायची तयारी ठेवा. आणि घरची माणसं तयार असतील, गाठीला वेळ असेल, तर चार वर्षांच्या पदवीची प्रवेश परीक्षा द्या, उर्दूतून द्या, आणि कुठं जागा मिळाली ते मला येऊन सांगा. काका-मामूंशी बोलायला मी येईन.